झाडीपट्टीतली हातकुऱ्हाड

महाराष्ट्राच्या नकाशावर अश्मयुगीन ठिकाणांचे ठिपके देत गेले, तर ते सगळीकडे सारखे पडत नाहीत. नाशिकजवळ गोदावरीच्या वरच्या अंगाला, प्रवरेकाठी नेवाशाला, पुणे जिल्ह्यात कुकडी आणि कऱ्हा या नद्यांच्या खोऱ्यांत त्यांची दाटी होते. पूर्वेकडे जावे तसे ते विरळ होत जातात आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मोजकेच उरतात. यावरून आदिमानव पश्चिमेलाच राहत होता असे कुणी म्हटले, तर ते चूक होईल. अशा नकाशात त्या काळच्या वस्तीबरोबर पुरातत्त्वज्ञांची पायपीटही उमटलेली असते. महाराष्ट्रातल्या प्रागितिहासाचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात वाढला आणि पुण्याहून जिथे सहज जाता येत होते, तिथली खोरी आधी पालथी घातली गेली.

या अभ्यासाची सुरुवात गोदावरीपासूनच झाली. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या वाईन नावाच्या अधिकाऱ्याला १८६०च्या दशकात पैठणजवळ मुंगी येथे नदीच्या जुन्या थरात अकीकाचा एक घडीव छिलका मिळाला. भारतातल्या अशा शोधांपैकी तो अगदी सुरुवातीचा. पुढे डॉ. हसमुख सांकलिया १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आले. नाशिकजवळच्या गंगापूर येथे गोदावरीच्या गोट्यांच्या थरांत त्यांना दगडी हत्यारे मिळाली आणि त्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर त्यांनी नेवाशाचे उत्खनन केले. तिथल्या नदीच्या थरांत त्यांना दोन वेगळ्या काळांची हत्यारे एकावर एक सापडली. खालच्या थरात मोठ्या हातकुऱ्हाडी होत्या आणि वरच्या थरात चर्ट-जास्परच्या लहान तासण्या. भारतात मध्य पुराश्मयुगाची स्वतंत्र ओळख पटली ती मुख्यतः या नेवाशामुळे.

हीच गोदावरी तेलंगणातून सिरोंच्याला पोचते आणि तिथे तिला प्राणहिता मिळते. प्राणहिता म्हणजे वर्धा आणि वैनगंगा यांचा चपराळ्याजवळ एकत्र आलेला प्रवाह. वर्धा सातपुड्यात मुलताईहून येते, वैनगंगा शिवनीहून येते, आणि पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरातून निघून घुग्घुसजवळ वढ्याला वर्धेला मिळते. थोडे खाली सोमनूरला बस्तरमधून आलेली इंद्रावतीही गोदावरीत येते. एवढ्या नद्या जिथे एकमेकींना भेटतात, तिथे पाण्याच्या काठाने हिंडणारा माणूस आलाच नसेल हे पटण्यासारखे नाही. उत्तरेला नर्मदेचे खोरे आहे आणि तिथे हथनोरा येथे १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला. दक्षिणेला कृष्णेची उपखोरी आणि तमिळनाडूतली जुनी स्थळे आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रदेश या दोन टोकांच्या मधोमध येतो.

आदिमानव इथे आला होता याचा पुरावाही आहे. चंद्रपूर शहराच्या कडेची पापामिया टेकडी हे या दोन जिल्ह्यांतले सर्वांत परिचित अश्मयुगीन ठिकाण. तिथल्या जमिनीवर पुराश्मयुगीन दगडी हत्यारे मिळत आली आहेत, आणि चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांच्यासारख्या मंडळींनी ही जागा लोकांसमोर ठेवली आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची प्रागितिहास शाखा नागपूरला आहे. मध्य भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास करणारे रा. वि. जोशी हे याच सर्वेक्षणातले. त्यांनी होशंगाबादजवळच्या आदमगढ टेकडीचे उत्खनन १९६०-६१ मध्ये केले. म्हणजे विदर्भाला या विद्येची परंपरा नवी नाही. नागपूरपासून दक्षिणेकडच्या जंगलाच्या वाट्याला मात्र तिच्यातला थोडाच भाग आला.

आता मुळात दगडी हत्यार ओळखायचे कसे, ते पाहू. रस्त्याकडेला पडलेल्या गिट्टीच्या ढिगातही धारदार कपच्या असतात. क्रशरमधून निघालेला तुकडा आणि आदिमानवाने फोडलेला तुकडा यांत फरक काय?

बारीक कणांचा, आतून एकजीव असलेला दगड काठाशी जोरात ठोकला, की आघाताची लाट त्याच्यातून विशिष्ट रीतीने पसरते. दगड सरळ रेषेत दुभंगत नाही. शिंपल्याच्या पाठीसारखा वळणदार पृष्ठभाग ठेवून एक पातळ तुकडा निघतो. हा छिलका. ज्या बिंदूवर घाव बसला, त्याच्या लगेच खाली छिलक्यावर एक फुगवटा राहतो आणि त्यापासून बारीक लहरी बाहेर पसरलेल्या दिसतात. उरलेल्या दगडावर, म्हणजे गाभ्यावर, त्याच आकाराची खोलगट खूण उमटते. एवढे निसर्गातही होऊ शकते. धबधब्याखाली, उतारावरून गडगडताना, पुरात गोट्यावर गोटा आदळताना दगड असेच फुटतात, आणि क्रशरमध्येही फुटतात. म्हणून एका खुणेवर जाणकार थांबत नाही. तो खुणांचा क्रम बघतो. एकामागून एक छिलके काढताना कारागिराने आधीच्या घावाने तयार झालेली कड पुढच्या घावासाठी वापरली आहे का? घाव नव्वद अंशांहून कमी कोनाच्या कडेवरच पडले आहेत का? दगड उलटून दुसऱ्या बाजूनेही काम केले आहे का? कड जिथे वाकडी झाली होती तिथे बारीक ठोके देऊन ती सरळ केली आहे का? आंधळ्या आघाताला पुढचा घाव कुठे बसणार हे ठाऊक नसते. कारागिराला ते ठाऊक असते आणि ते दगडावर वाचता येते.

हातकुऱ्हाड म्हणजे या जाणतेपणाचा कळस. साधारण तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा, बदामी अथवा पानाच्या आकाराचा दगड, दोन्ही बाजूंनी छिलके काढून घडवलेला, एका टोकाला निमुळता. तिच्यासोबत बहुतेक ठिकाणी क्लीव्हर सापडतात. त्यांना टोक नसते, तिथे फरशीसारखी रुंद आडवी धार असते. आफ्रिकेत अशी हत्यारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीपासून दिसतात. साधी, एक-दोन घावांची हत्यारे त्याहून फार जुनी असून केनियातल्या लोमेक्वी येथली ३३ लाख वर्षांची मानली जातात. हातकुऱ्हाडीत मला सर्वांत विलक्षण वाटते ती तिची दोन अंगांची समतोल ठेवण. मांस कापायला किंवा कंद खणायला एवढ्या नेटकेपणाची गरज नसते. तरीही हजारो पिढ्या तो आकार टिकला, म्हणजे कुणीतरी शिकवत होते आणि कुणीतरी बघून शिकत होते. त्यांची भाषा कशी होती हे दगड सांगत नाही. शिक्षण होते, हे मात्र तो सांगतो.

घडवायला दगड हवा आणि तो हवा तसाच हवा. इथे या दोन जिल्ह्यांचे भूविज्ञान कामाला येते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाखाली गेलेला आहे. पुणे, नाशिक, अहिल्यानगर या भागांतल्या आदिमानवाला मुख्यतः बेसाल्ट आणि त्यातल्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक, चर्ट, जास्पर एवढीच निवड होती. चंद्रपूर-गडचिरोलीत काळ्या पाषाणाची चादर संपते आणि तिच्याखालचे सारे जुने जग उघडे पडते.

पश्चिमेला वरोऱ्याकडे दख्खनचा काळा पाषाण आणि त्याच्या तळाशी लॅमेटा थर आहेत. पिसदुऱ्याच्या शेतांत डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळते ती याच थरांतली. राजुरा, कोरपना, जिवती भागांत पैनगंगा समूहाचे चुनखडक आहेत. आवारपूर आणि गडचांदूरचे सिमेंट कारखाने त्यावर उभे आहेत. वर्धेच्या खोऱ्यात गोंडवाना काळातले वालुकाश्म आणि त्यांच्या पोटात कोळसा आहे. पूर्वेला गडचिरोलीत भारतीय उपखंडाचे अतिप्राचीन पट्टिताश्म आणि रूपांतरित खडक आहेत. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज पट्टेदार खडकांमध्ये आहे. क्वार्ट्झाइट, गारगोटी, चर्ट, वालुकाश्म, चुनखडक, बेसाल्ट इतके प्रकार काही दिवसांच्या चालीत एकत्र मिळावेत असा दुसरा प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच असेल.

यात एक खास गोष्ट आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाने १८७५ मध्ये चुनखडकावर समांतर ओरखडे पाहिले. त्या खडकावर लहानमोठ्या गोट्यांनी भरलेला तालचीर थर होता. जवळजवळ तीस कोटी वर्षांपूर्वी इथे हिमनदी होती, तिने गोटे घासत नेले, आणि ते ओरखडे तिचेच. अशा गोट्यांच्या थरातून कणखर दगड सुटून ओढ्यानाल्यांत येतात. हातोडा म्हणून वापरायला आणि फोडायलाही नदीत घासून गोल झालेला कणखर गोटा उत्तम असतो. ज्या परिसरात आज बेचाळीस अंशांच्या वर पारा जाणे नित्याचे, तिथल्या आदिमानवाच्या पुढ्यात दगडाचा साठा आणून टाकण्यात एका हिमयुगाचा वाटा असावा, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

आदिमानव मिळेल तो दगड उचलत नसे. प्रत्येक कामाचा दगड वेगळा असे. मोठी हातकुऱ्हाड किंवा क्लीव्हर घडवायला मोठा छिलका काढता येईल असा जाड, चिवट दगड लागतो, आणि तो क्वार्ट्झाइट किंवा बेसाल्टमध्ये मिळतो. लहान, अतिशय धारदार पाते काढायला चर्ट किंवा अकीक हवा. म्हणून हत्यारांच्या ढिगात दगडांचे प्रमाण मोजले, की त्या काळची गरज आणि चाल दोन्ही कळतात. जवळ नसलेला दगड मिळाला तर तो कुठून आला, घडवून आणला की कच्चाच उचलून आणला, हे त्याच्या सालीवरून आणि सोबतच्या छिलक्यांवरून ठरते. घडवण्याच्या जागी पडलेला कचरा म्हणूनच हत्याराइतका महत्त्वाचा. पापामियासारख्या ठिकाणी हौशी माणूस देखणी हातकुऱ्हाड उचलतो आणि कपच्या तशाच सोडतो. संशोधकाला त्या कपच्याच आधी हव्या असतात. एखादे हत्यार नदीबरोबर वाहत येऊ शकते. पण हातोडा, गाभा, मोठे छिलके आणि नखाएवढ्या कपच्या एकाच जागी मिळाल्या, तर माणूस तिथेच बसून काम करत होता.

कपच्यांचे हे वाचन किती दूरवर नेता येते, त्याची दोन उदाहरणे. नेवाशाजवळच्या चिरकी नाल्याकाठी जर्मन संशोधक गुडरून कॉर्व्हिनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले. दगडगोट्यांच्या थरावर पसरलेली हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर यांची ती भूमी त्यांनी थराथराने नोंदवली. वस्तू संग्रहालयात नेण्याआधी तिची जागा टिपायची, ही शिस्त त्या कामात दिसते. दुसरे उदाहरण कर्नाटकातल्या हुणसगी खोऱ्यातले. इसामपूर येथे डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांना चुनखडकाच्या उघड्या पडलेल्या लाद्यांवर आदिमानवाची खाणच मिळाली. लादीचा कोपरा धरून कसा तोडला, त्यातून मोठा छिलका कसा काढला, मग त्याची हातकुऱ्हाड कशी केली, हा सगळा क्रम हजारो तुकड्यांवरून उलगडला. तो चुनखडक सिलिकायुक्त होता म्हणून त्याला धार येत होती. कोरपना-जिवतीकडच्या चुनखडकांत असे सिलिकायुक्त पट्टे कुठे उघडे पडतात आणि त्यांच्याभोवती छिलके आहेत का, हा प्रश्न घेऊन कुणी त्या पठारावर हिंडले, तर ते काम फुकट जाणार नाही.

काळाच्या टप्प्यांची उजळणी थोडक्यात करतो. १८६३ च्या मे महिन्यात चेन्नईजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांना पहिली हातकुऱ्हाड मिळाली आणि भारतातही पुराश्मयुग होते हे सिद्ध झाले. हातकुऱ्हाडींच्या दीर्घ काळानंतर गाभा आधी तयार करून हव्या त्या आकाराचा छिलका काढण्याचे तंत्र आले. मग लांब पाती आली. त्यानंतर काडीला खोचून बाण, विळा किंवा करवत करता येईल अशी सूक्ष्मास्त्रे आली. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे शां. अ. साळी यांना सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेले काम मिळाले. चिमूर तालुक्यातल्या हिरापूरसारख्या ठिकाणी दिसणाऱ्या मोठमोठ्या शिळांच्या रचना मात्र या गोष्टीत बसत नाहीत. त्या महापाषाणीय, लोहयुगाच्या काळातल्या आणि त्यामानाने अगदी अलीकडच्या.

शहामृगाचा उल्लेख सहज केलेला नाही. तो मोकळ्या माळरानावरचा पक्षी. तो खानदेशात होता, तेव्हाचा मोसमी पाऊस आणि वनस्पती आजच्यासारख्या नव्हत्या. हिमयुगातल्या थंड, कोरड्या काळात पाऊस घटला, गवताळ जमिनी पसरल्या, आणि उबदार काळात जंगल पुन्हा दाटले. आजची साग, मोह, तेंदू, बांबूची झाडीपट्टी डोळ्यांसमोर ठेवून तिच्यात आदिमानव उभा करणे म्हणूनच फसवे आहे. लाखो वर्षांत हा प्रदेश कित्येकदा उघडा झाला आणि कित्येकदा झाकला गेला असणार. त्या बदलांशी माणसाने कसे जुळवून घेतले, हे कळण्यासाठी प्रत्येक हत्यार कोणत्या काळाचे ते कळायला हवे. महाराष्ट्रातली खरी अडचण नेमकी इथेच आहे.

ती समजायला पुणे जिल्ह्यातल्या बोरीची गोष्ट पुरेशी आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आणि त्याच्या निकट सान्निध्यात हातकुऱ्हाडी, असे दुर्मीळ दृश्य १९८०च्या दशकात समोर आले. राखेचे वय काढता येते, म्हणून सगळ्यांना आनंद झाला. १९८८ मध्ये वय निघाले चौदा लाख वर्षे. १९९५ मध्ये दुसऱ्या पद्धतीने सहा लाख सत्तर हजार. त्याच सुमारास दुसऱ्या संशोधकांनी रासायनिक तुलना करून ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या उद्रेकातली, म्हणजे अवघी पंच्याहत्तर हजार वर्षांची आहे, असे मांडले. पुढे आठ लाखांच्या आसपासचे आकडे आले. एकाच गावचा एकच थर, आणि वयांत जवळजवळ वीसपट अंतर. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. काळ्या पाषाणाच्या मुलखात कालमापनाची इतर साधने इतकी थोडी आहेत, की सारा भार त्या राखेवर पडला.

याचे कारण गारगोटीत, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजात आहे. आज पुराश्मयुगाचे वय काढायच्या दोन महत्त्वाच्या पद्धती क्वार्ट्झवर चालतात. पहिली प्रकाशाची. वाळूचा कण गाडला गेला, की भोवतालच्या मातीतल्या किरणोत्सर्गाची ऊर्जा त्याच्यात हळूहळू साठत जाते. ऊन लागले की साठा रिकामा होतो. म्हणून थरात नळी ठोकून वाळू अंधारातच बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत तिच्यावर प्रकाश टाकून किती ऊर्जा बाहेर पडते ते मोजतात. त्यावरून त्या कणाने शेवटचे ऊन कधी पाहिले ते कळते. ही पद्धत काही लाख वर्षांपर्यंत चालते. दुसरी पद्धत विश्वकिरणांची. जमिनीवर उघड्या पडलेल्या क्वार्ट्झमध्ये अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे अॅल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० ही समस्थानिके तयार होतात, पहिले दुसऱ्याच्या जवळजवळ सातपट. दगड खोल गाडला गेला की निर्मिती थांबते आणि दोन्ही झिजू लागतात. अॅल्युमिनियम-२६ सुमारे सात लाख वर्षांत अर्धे होते, बेरिलियम-१० ला सुमारे चौदा लाख लागतात. त्यामुळे त्यांचे गुणोत्तर काळाबरोबर बदलते, आणि त्यावरून दगड केव्हा गाडला गेला हे सांगता येते.

काळ्या पाषाणात क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. त्याची झीज होऊन बनलेल्या नदीच्या गाळात अकीक-चर्टचे तुकडे सोडले तर या पद्धतींना हवी तशी वाळू फार थोडी मिळते. पश्चिम महाराष्ट्रातल्या संशोधकांची कोंडी ती हीच. तमिळनाडूतल्या अत्तिरपक्कमला ती अडचण नव्हती. तिथली हत्यारे क्वार्ट्झाइटची, म्हणजे जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झची. शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सहा हत्यारांमधलेच अॅल्युमिनियम-बेरिलियम मोजले, थरांच्या चुंबकीय दिशेचा अभ्यास त्याला जोडला, आणि हातकुऱ्हाड भारतात सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी होती हे दाखवले. मातीचे किंवा राखेचे वय काढून त्यावरून हत्याराचा अंदाज बांधावा लागला नाही. हत्यारच बोलले. २०१८ मध्ये त्याच ठिकाणच्या वरच्या थरांतले मध्य पुराश्मयुगीन तंत्र प्रकाशपद्धतीने सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांचे ठरले. तोपर्यंत हे तंत्र भारतात फार उशिरा, आफ्रिकेतून आलेल्या आधुनिक माणसाबरोबर आले, असे मानणारा मोठा वर्ग होता.

आता वर्धा आणि वैनगंगेकडे बघा. वर्धेचा उगमाकडचा मुलूख काळ्या पाषाणाचा असला, तरी चंद्रपूर जिल्ह्यात तिला गोंडवाना वालुकाश्मांतून येणारे ओढे मिळतात. वैनगंगेची तर बहुतेक वाट पट्टिताश्म आणि क्वार्ट्झयुक्त जुन्या खडकांतून जाते. तिच्या पात्रातली पांढरी-पिवळी रेती लिलावात भाव खाते ती याच क्वार्ट्झमुळे. महाराष्ट्रातल्या अश्मयुगाच्या कालगणनेचे जे प्रश्न पश्चिमेत अडले, ते सोडवायला लागणारी वाळू आणि लागणारा दगड, दोन्ही या जंगली जिल्ह्यांत आहेत. माझ्या मते चंद्रपूर-गडचिरोलीचे महत्त्व तिथे किती हातकुऱ्हाडी मिळतात यात नाही. मिळालेल्या हातकुऱ्हाडीचे वय तिथे सांगता येण्याची शक्यता राज्यात सर्वांत जास्त आहे, यात ते आहे.

अट एकच, पण कठीण. हत्यार खोल गाडलेल्या, न हललेल्या थरात मिळायला हवे. जमिनीवर पडलेल्या हत्यारावर किरणांचा मारा चालूच असतो, त्यामुळे त्याच्याकडून गाडले गेल्याचा काळ काढता येत नाही. आणि जंगलात बहुतेक हत्यारे सापडतात ती जमिनीवरच. पाचोळा, बांबूची रांजी, जांभ्याची कवची यांखाली थर दिसतच नाहीत. लाल, आम्लधर्मी मातीत हाडे विरघळून जातात, त्यामुळे प्राण्यांच्या अवशेषांची मदतही थोडी. नदीकाठच्या चुनखडीयुक्त गाळात ती टिकण्याची शक्यता अधिक. उन्हाळ्यात पानगळ झाल्यावर, मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला काढला जातो तेव्हा, किंवा पहिल्या मोठ्या पावसाने माती धुऊन नेल्यावर दगड दिसू लागतात. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, ते योग्यच आहे. गडचिरोलीच्या आतल्या भागांत अनेक वर्षे नक्षलवादी हिंसाचारामुळे महिनोन्महिने चालणारी पाहणी शक्य नव्हती. या सगळ्यांतून नकाशावरची पोकळी तयार झाली.

थर उघडे पडतात ते नाल्यांच्या काठांत, नदीच्या कोसळलेल्या कडांत, तलाव आणि बोड्या खोल करताना, मुरमाच्या खड्ड्यांत, आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर उघड्या कोळसा खाणींत. वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीच्या खाणीत कोळशापर्यंत पोचण्याआधी वरची काळी माती, तिच्याखालचा पिवळा गाळ आणि गोट्यांचे थर काढून ढिगारे रचले जातात. पुराश्मयुगाचा जो काही पुरावा असेल तो याच गाळात असतो. कोळसा त्याहून कोट्यवधी वर्षांनी जुना, त्याच्यात माणसाचा मागमूस असूच शकत नाही. म्हणजे पुरातत्त्वज्ञाला हवा असलेला थर खाणीच्या दृष्टीने केवळ काढून टाकायची माती आहे. तिचा काप यंत्रे पुढे सरकण्याआधी एखादा आठवडा जरी अभ्यासकांना मोकळा मिळाला, तरी थरांची नोंद आणि वाळूचे नमुने होऊ शकतात. खाणीचे काम त्यासाठी थांबवावे लागत नाही.

हे काम एकट्या विद्यापीठाच्या आवाक्यातले नाही, कारण दगड सर्वांत आधी दिसतो तो गुराख्याला, धुऱ्यावर नांगर फिरवणाऱ्याला, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाईला. गोंड, माडिया, कोलाम माणसाला आपल्या शिवारातला कोणता दगड इथला आणि कोणता बाहेरचा हे सांगावे लागत नाही. त्यांना खूण ओळखायला शिकवणे तासाभराचे काम आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दगड घरी आणू नये हे सांगणे. जागेवरच ठेवून मोबाइलवर फोटो, ठिकाणाची नोंद, आणि जवळच्या कपच्यांचा वेगळा फोटो, एवढे पुरे. चांगल्या हेतूने गोळा करून शाळेच्या कपाटात ठेवलेल्या हत्याराचे वय कायमचे हरवते. पापामिया टेकडीभोवती चंद्रपूर शहर वाढत गेले आहे, आणि तिथून उचललेल्या हातकुऱ्हाडींना त्यांची जागा परत देता येणार नाही.

वैनगंगेचा आरमोरीपासून चपराळ्यापर्यंतचा काठ आणि पुढे प्राणहितेचा सिरोंच्यापर्यंतचा काठ अजून तसा आहे. पावसाळ्यानंतर कोसळलेल्या कडा मोजून, त्यांतले गोट्यांचे थर कुठे किती खोलीवर आहेत याची एक सलग नोंद झाली, तर कुठे खणायचे हे ठरेल आणि अत्तिरपक्कमला लावलेल्या पद्धती इथे लावता येतील. नागपूरच्या प्रागितिहास शाखेपासून हा सगळा पट्टा एका दिवसाच्या प्रवासाच्या आत आहे.